मिलिपीडच्या जुन्या टाइप नमुन्यांचा शोध

मिलिपीड म्हणजे वाणी किंवा पैसा, हात लागला की वेटोळं करून बसतो तो. याच्या सुमारे १२ हजार प्रजातींना आजवर शास्त्रीय नावं मिळालीत, आणि नवीन प्रजातीचं वर्णन करताना ज्या नमुन्यावर ते नाव बांधलं जातं तो टाइप. जुन्या प्रजातींचे टाइप म्युझियममध्ये हुडकून काढणं हे एक वेगळंच, चिकाटीचं काम आहे.

ही शोधाशोध करावी लागते कारण बहुतेक गटांत प्रजाती ओळखायची ती नराच्या शरीराच्या सातव्या कड्यावरच्या बदललेल्या पायांवरून, त्यांना गोनोपॉड म्हणतात, आणि जुन्या लेखकांनी कित्येकदा फक्त रंग, लांबी न् कड्यांची संख्या लिहून ठेवली, गोनोपॉडचं चित्रच नाही, कधी तर हाताशी फक्त मादी होती. मग मूळ नमुना बघितल्याशिवाय नाव नक्की कुणाचं ते कळत नाही.

आधी मूळ वर्णन नीट वाचायचं, मग म्युझियमची नोंदवही, मग बरण्या. एका बरणीत अल्कोहोल, त्यात छोट्या काचेच्या नळ्या, नळीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावरचं अक्षर, गाव, गोळा करणाऱ्याचं नाव हे सगळं छापील मजकुराशी जुळवायचं, कडीसुद्धा मोजायची. खरी पंचाईत होते ती गोनोपॉड कापून स्लाइडवर लावलेले असतात तेव्हा, धड एका कपाटात आणि स्लाइड भलतीकडेच, आणि स्लाइडशिवाय नुसतं धड फारसं कामाचं नाही. मिलिपीडचा जर्मन अभ्यासक कार्ल फेरहोफ याचे नमुने तर म्युनिक, बर्लिन, लंडन असे विखुरलेत.

काही टाइप कायमचे गेलेही. हॅम्बुर्गचं म्युझियम १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं, पण अल्कोहोलमधला बराच संग्रह आधीच हलवला होता म्हणून वाचला, त्यामुळे म्युझियम जळालं म्हणजे टाइपही गेला असं धरून चालत नाही.

टाइपमालिकेत, म्हणजे मूळ वर्णन ज्यांवरून केलं त्या नमुन्यांत, अनेक नमुने असतील आणि त्यातला एकही होलोटाइप, म्हणजे मूळ लेखकानेच ठरवलेला एकमेव टाइप, नसेल तर नंतर त्यांतलाच एक निवडून टाइप ठरवतात, तो लेक्टोटाइप, शक्यतो नर. काहीच उरलं नसेल तरच निओटाइप, म्हणजे मूळच्या जागी नवा नमुना, आणि तेव्हा मूळ टाइप शोधायला काय काय केलं हे लेखात लिहावंच लागतं. ही अट अगदी योग्य आहे, कारण हरवला म्हणून सोडून दिलेला टाइप नंतर चुकीच्या नावाच्या बरणीत सापडू शकतो.