टर्की, पण इथे?

२००३ साली न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला असलेल्या बॅटरी पार्कात रानटर्कीची एक मादी दिसू लागली. लोकांनी तिचं नाव झेल्डा ठेवलं. एका अंगाला समुद्राचं पाणी, दुसऱ्या अंगाला वॉल स्ट्रीटच्या इमारती, आणि मधल्या हिरवळीवर ही बाई दहाएक वर्षं एकटीच ऐटीत फिरत होती.

अशा भलत्या जागी टर्की दिसली, तर आधी ती कुणाच्या खुराड्यातून पळालेली नाही ना, हे पाहावं. पाळीव टर्की मेक्सिकोतल्या रानटर्कीपासून तयार झाल्या. पांढऱ्या नसलेल्या पाळीव पक्ष्यांत शेपटीच्या पिसांची टोकं बहुधा पांढरट असतात. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या रानटर्कीत तीच टोकं तांबूस तपकिरी. मात्र पश्चिमेकडच्या मेरियम उपजातीचीही टोकं फिकी असतात, त्यामुळे नुसत्या शेपटीवर पैज लावू नये. चालही बघावी: रानपक्षी सडसडीत आणि लांब टांगांचा असतो, पाळीव पक्षी थुलथुलीत.

कधी माणूसच पक्ष्याला दूर नेतो. १६१२ मध्ये मुकर्रबखान या दरबारी सरदाराने गोव्याहून आणलेला टर्कीचा नर जहांगीर बादशहापुढे आला. त्याचं डोकं कधी पोवळ्यासारखं लाल, तर कधी कापसासारखं पांढरं होतं, असं बादशहाने लिहून ठेवलंय. निरीक्षण अचूक आहे. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगल्या-आकसल्या की कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर रंगही. कॅलिफोर्नियातल्या आजच्या रानटर्कीही अशाच बाहेरून आणून, शिकारीसाठी सोडलेल्या. तिथली मूळची टर्की वेगळ्या जातीची होती. ती सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाली.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट निराळी. तिथे टर्की मूळचीच, पण जंगलतोड आणि बेसुमार शिकारीमुळे १८५१ पर्यंत संपली. पुढे फार्मवर वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, पण ते तगले नाहीत. कोल्ह्यापासून कसं वाचायचं हे पिल्लू आईच्या मागे फिरून शिकतं, आणि या पक्ष्यांना आईच मिळाली नव्हती. अखेर १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पकडलेल्या ३७ अस्सल रानटर्की मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडच्या बर्कशायर डोंगरात सोडल्या. आज मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या वर आहे. बॉस्टनच्या उपनगरांत त्या रहदारी अडवतात, आणि गाडीच्या चकचकीत दारात प्रतिस्पर्धी दिसला की नर त्यावर चोची मारतो.

उत्तरेकडे त्यांना अडवतो तो थंडीपेक्षा बर्फ. भुसभुशीत बर्फ फूटभर साचला की जमीन उकरता येत नाही, मग टर्की कित्येक दिवस उपाशीपोटी झाडावर बसून काढते. तरीही शेतात सांडलेला मका आणि परसात पक्ष्यांसाठी ठेवलेले दाणे यांच्या आधाराने ती कॅनडात जुन्या हद्दीपलीकडे पोचली आहे. तिथे शरद ऋतूत एकटा पक्षी दिसला, तर तो भटक्याही असू शकतो. हिवाळा उलटून जूनमध्ये पिल्लांसकट मादी दिसली, तर मात्र तिने तिथे संसार मांडला असं धरायला हरकत नाही.