ॲपालॅचियन विकास महामार्ग प्रणाली

ॲपालॅचियन विकास महामार्ग प्रणाली : अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपालॅचियन पर्वतप्रदेश देशाच्या बाजारपेठांशी जोडला जावा आणि तेथे रोजगार वाढावा, या हेतूने १९६५ च्या कायद्यान्वये आखलेले महामार्गांचे जाळे. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीपर्यंत १३ राज्यांत हा प्रदेश पसरलेला असून त्यांपैकी वेस्ट व्हर्जिनिया हे एकच राज्य संपूर्णपणे त्यात मोडते. जाळ्याची मंजूर लांबी सुमारे ३,०९० मैल (सु. ४,९७० किमी.) असून त्यातील बहुतेक मार्ग वाहतुकीस खुले झाले आहेत.

कोळसा आणि लाकूड यांनी समृद्ध असलेल्या या प्रदेशात १९६० च्या सुमारास दर तीन रहिवाशांमागे एक जण दारिद्र्यात होता. कोळसा रेल्वेने बाहेर जात असे. माणसांसाठी मात्र ओढ्यानाल्यांच्या काठाने वळणे घेत जाणारे अरुंद रस्तेच होते. १९५६ नंतर देशभर आंतरराज्य महामार्ग बांधले जाऊ लागले, तेव्हा डोंगरातील बांधकामाचा खर्च जास्त आणि अपेक्षित रहदारी कमी म्हणून त्यांच्या आखणीत या प्रदेशाचा अंतर्भाग बऱ्याच अंशी वगळला गेला. रस्ता नाही म्हणून रहदारी नाही आणि रहदारी नाही म्हणून रस्ता नाही, असा हा पेच होता. दरम्यान लाखो लोक ओहायो आणि मिशिगनमधील कारखान्यांकडे निघून गेले. पूर्व केंटकीतील मुलांना शाळेत वाचन, लेखन आणि ‘रूट २३’ (उत्तरेकडे नेणारा महामार्ग) एवढेच शिकवतात, अशी तेथील लोकांत रूढ असलेली थट्टा याच काळाची आहे.

अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६३ मध्ये नेमलेल्या आयोगाने पुढील वर्षी दिलेल्या अहवालात रस्त्यांना अग्रक्रम दिला आणि ९ मार्च १९६५ रोजी तत्कालीन अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ॲपालॅचियन प्रादेशिक विकास कायद्यावर स्वाक्षरी केली. कायद्याने मंजूर केलेल्या सुमारे १०९ कोटी डॉलरपैकी ८४ कोटी एकट्या महामार्गांसाठी होते. असलेल्या रहदारीची सोय करण्यापेक्षा नवी रहदारी निर्माण व्हावी म्हणून रस्ते बांधायचे, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. मार्गांना ‘कॉरिडॉर ए’, ‘कॉरिडॉर बी’ अशी अक्षरनामे देण्यात आली. त्यांपैकी काही पुढे आंतरराज्य महामार्गांत समाविष्ट झाले.

डोंगरामुळे कामे अवघड आणि खर्चिक ठरली. मेरिलंडमधील साइडलिंग हिल येथे कॉरिडॉर ई साठी सुमारे १०० मी. खोल खिंड खोदण्यात आली असून तिच्या भिंतींत द्रोणाप्रमाणे खाली वाकलेले खडकांचे थर उघडे पडले आहेत. केंटकीतील पाइकव्हिल या गावी तर डोंगर फोडून महामार्ग, लोहमार्ग आणि लेविसा फोर्क नदी असे तिन्ही प्रवाह एकाच खिंडीतून वळवले गेले. हे काम १९८७ मध्ये संपले, तोपर्यंत सुमारे १.४ कोटी घ. मी. दगडमाती हलवावी लागली होती; मात्र जुने नदीपात्र भरून निघाल्याने पुराला तोंड देणाऱ्या या गावाला विस्तारासाठी सपाट जमीन मिळाली. अशा दरीखोऱ्यांत सपाट जमीन रस्त्याइतकीच दुर्मिळ असते, त्यामुळे हा लाभ दुय्यम मानता येत नाही. वेस्ट व्हर्जिनियातील न्यू रिव्हर घळीवरील ५१८ मी. कमानीचा पोलादी पूल (१९७७) कॉरिडॉर एल वर आहे. दरी उतरून पलीकडे चढण्यास पूर्वी लागणारा सुमारे ४० मिनिटांचा वेळ त्यामुळे मिनिटभरावर आला. दर ऑक्टोबरात एक दिवस वाहनांना बंद करून लोकांसाठी खुला केला जाणारा हा पूल आता स्वतःच पर्यटकांचे आकर्षण बनला आहे.

१९९८ नंतर या जाळ्यासाठी महामार्ग निधीतून स्वतंत्र वार्षिक तरतूद होती. २०१२ च्या कायद्याने ती संपली आणि २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी १२५ कोटी डॉलर पुन्हा मंजूर झाले. उरलेले टप्पे बहुधा सर्वांत अवघड आहेत. वेस्ट व्हर्जिनियातील कॉरिडॉर एच वरून जंगले व ऐतिहासिक स्थळे यांच्या रक्षणासाठी न्यायालयीन लढा झाला, २०००मध्ये तडजोड झाली, तरी त्याचे काही भाग दीर्घकाळ अपूर्णच राहिले.

आर्थिक परिणामांविषयी अभ्यासकांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अँड्र्यू इसरमन आणि टेरेन्स रेफान यांनी १९९५ मध्ये येथील ३९१ काउंट्यांची (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांची) प्रदेशाबाहेरील तशाच काउंट्यांशी तुलना केली असता ॲपालॅचियन काउंट्यांची वाढ अधिक वेगाने झाल्याचे आढळले. अर्थात १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ॲपालॅचियन प्रादेशिक आयोगाने शिक्षण, आरोग्य व पाणीपुरवठा यांवरही खर्च केला असल्याने सारे श्रेय रस्त्यांना देता येत नाही. आंतरराज्य महामार्गांविषयीच्या याच दोघांच्या दुसऱ्या अभ्यासात मोठ्या शहरांजवळच्या किंवा आधीच काहीसे नागरीकरण झालेल्या काउंट्यांना प्रामुख्याने फायदा झाल्याचे, तर महामार्गावरील ग्रामीण आणि महामार्गापासून दूरच्या काउंट्यांत अनुकूल परिणाम फारसे नसल्याचे दिसले. टेलर जावोर्स्की आणि कार्ल किचन्स यांच्या अंदाजानुसार हे जाळे नसते, तर देशाचे एकूण उत्पन्न सुमारे ५,३७० कोटी डॉलरने कमी झाले असते. त्यांपैकी खुद्द ॲपालॅचियातील तोटा सुमारे २,२०० कोटींचा असता. म्हणजे लाभाचा निम्म्याहून अधिक भाग या प्रदेशाबाहेर गेला.