दुसरा नियम पडताळण्यासाठी पडणे संथ करावे लागले, त्याची पार्श्वभूमी

न्यूटनच्या गतीविषयक दुसऱ्या नियमाचे सूत्र वहीच्या एका ओळीत मावते: बल = वस्तुमान × त्वरण (वेग बदलण्याचा दर). ते पडताळून पाहणे अवघड होते, कारण मोकळी सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर आणि दोन सेकंदांत १९.६ मीटर खाली येते. लंबकाचे घड्याळ १६५६ मध्ये आले. त्याआधी एवढ्या थोड्या वेळाचे तुकडे मोजायचे कशाने?

गॅलिलिओने पडण्याऐवजी घरंगळणे मोजले. १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात त्याने मांडणी दिली आहे: सुमारे १२ हात लांब लाकडी तुळई, तिच्यात बोटभर रुंदीची सरळ खाच, खाचेला आतून गुळगुळीत चर्मपत्र आणि कठीण, गोल कांस्याचा गोळा. एक टोक एक-दोन हात उचलायचे. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तोलून वेळ काढायचा. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यातून दिसले. हा तपशील अतिशयोक्त असावा अशी शंका घेतली जाई. १९६१ मध्ये थॉमस सेटल यांनी तशीच मांडणी करून पाहिली आणि ती खरोखर पुरेशी अचूक ठरली.

मात्र गोळा घसरत नाही, घरंगळतो. सपाट उतारावर भरीव गोळ्याचे त्वरण घर्षणरहित घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ पटच असते, खाचेत त्याहून कमी. ही घट सगळ्या अंतरांना सारखीच लागू होते, म्हणून वर्गाचे प्रमाण बिघडत नाही. पण गुरुत्व त्वरणाची किंमत यातून थेट काढली तर ती चुकते.

१६८७ मध्ये न्यूटनने नियम मांडला तो ‘गतीतील बदल’ या शब्दांत. गती म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. बल आणि त्वरण यांचे आजचे समीकरण सर्वसाधारण तत्त्व म्हणून ऑयलरने १७५० च्या सुमारास पुढे आणले.

केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवूडने १७८४ मध्ये वर्णिलेले यंत्र मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर उपकरण वाटते. कप्पीवरून गेलेल्या दोऱ्याला दोन्हीकडे सारखी वजने. समजा, प्रत्येकी २०० ग्रॅम. एका बाजूला १० ग्रॅमची पट्टी ठेवली की ओढणारे वजन १० ग्रॅमचे, पण हलवायचे वस्तुमान ४१० ग्रॅम. त्वरण ९.८ वरून सुमारे ०.२४ मीटर प्रति सेकंद वर्ग (९.८ × १० ÷ ४१०) इतके उतरते. दोन सेकंदांत जेमतेम ४८ सेंटिमीटर. वाटेत एक कडे बसवलेले असते. वजन त्यातून पार होते, लांब पट्टी वरच अडकते. तिथून पुढे वजने एकसमान वेगाने जातात, म्हणजे पहिला नियमही (बल नसेल तर वेग बदलत नाही) त्याच यंत्रावर दिसतो.

आकडे कमी येतात ते दोन कारणांनी. पहिले घर्षण: ॲटवूडने मुख्य कप्पीचा आस चार छोट्या चाकांच्या कडांवर टेकवला होता. साध्या कप्पीवर पट्टी ठेवण्याआधी उतरत्या बाजूला थोडे थोडे वजन वाढवत जावे; हलका धक्का दिल्यावर वजने एकसमान वेगाने चालू लागली की घर्षण भरून निघाले. दुसरे कारण खुद्द कप्पी: ५० ग्रॅमची भरीव चकती फिरवायला २५ ग्रॅम जादा वस्तुमान हलवण्याइतके बल लागते. छेदात ४१० ऐवजी ४३५ घेतले की त्वरण ०.२२५ येते, जवळजवळ सहा टक्के कमी. ही दुरुस्ती वगळून विद्यार्थी सारा दोष घर्षणावर टाकतात आणि मग कितीही तेल घातले तरी फरक जात नाही.