१९६७: टोरंटो आणि मॉन्ट्रियलची शेवटची अंतिम लढत

नॅशनल हॉकी लीगच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत टोरंटो मेपल लीफ्स आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स १९६७ नंतर एकदाही भेटलेले नाहीत. व्यावसायिक आइस हॉकीत यांच्याइतकी जुनी आणि खोलवर रुजलेली चुरस क्वचितच सापडेल, म्हणून ही गोष्ट मनाला लागते.

कॅनेडियन्स संघ १९०९ मध्ये उभा राहिला तोच मॉन्ट्रियलच्या फ्रेंच भाषकांचा संघ म्हणून. टोरंटो हे इंग्रजी भाषक ओंटारिओचे मुख्य शहर. त्यामुळे बर्फावरच्या झुंजीत भाषा, धर्म आणि प्रांताचा अभिमान आपोआप उतरायचा. १९४२ ते १९६७ या काळात नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते आणि त्यांत कॅनडातले हे दोनच. ७० सामन्यांच्या हंगामात ते एकमेकांशी १४ वेळा खेळत. समोरच्याची प्रत्येक खोड आणि जुना हिशेब दोघांनाही तोंडपाठ असे.

१९५१ च्या अंतिम मालिकेतले पाचही सामने जादा वेळेत गेले. टोरंटोच्या बिल बारिल्कोने निर्णायक गोल केला आणि त्याच उन्हाळ्यात मासेमारीच्या सहलीवरून परतताना तो विमानासह बेपत्ता झाला. अवशेष सापडले १९६२ मध्ये. मधल्या काळात टोरंटोला चषक मिळाला नव्हता, तो त्याच वर्षी मिळाला. मॉन्ट्रियलने मात्र १९५६ पासून सलग पाच वेळा तो जिंकला, त्यांतल्या शेवटच्या दोन अंतिम लढती टोरंटोविरुद्धच होत्या.

१९६७ हे कॅनडा महासंघ म्हणून स्थापन झाल्याचे शताब्दी वर्ष. मॉन्ट्रियलमध्ये एक्स्पो ६७ हे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि मागची दोन वर्षे चषकही त्याच शहरात होता. टोरंटोचा संघ म्हातारा म्हणून हिणवला जाई: गोलरक्षक जॉनी बोवर बेचाळिशीचा, बचावपटू अ‍ॅलन स्टॅन्ली एक्केचाळिशीचा. हिवाळ्यात त्यांनी ओळीने दहा सामने गमावले होते. प्रशिक्षक पंच इमलाख आजारी पडले, तेव्हा किंग क्लॅन्सी यांनी काही दिवस सूत्रे हाती घेतली आणि संघ सावरला.

पहिला सामना मॉन्ट्रियलने ६-२ असा जिंकला. दुसऱ्यात बोवरने एकही गोल होऊ दिला नाही. तिसरा सामना जादा वेळेच्याही दुसऱ्या डावात बॉब पुलफर्डच्या गोलने संपला. चौथ्याआधी सरावात बोवर जखमी झाला आणि गोलजाळे टेरी सॉचुकच्या हाती आले. तो सामना टोरंटोने गमावला, पण पाचव्यापासून सॉचुक भिंतीसारखा उभा राहिला. २ मे रोजी सहाव्या सामन्यात शेवटचे मिनिट उरले असताना टोरंटोकडे २-१ अशी आघाडी होती. मॉन्ट्रियलने गोलरक्षक बाहेर काढून जादा आक्रमक उतरवला. इमलाख यांनी तरुणांऐवजी आपले जुनेजाणते पाठवले. चकती मोकळी झाली, जॉर्ज आर्मस्ट्राँगने ती रिकाम्या जाळ्यात सारली आणि टोरंटोने सामना ३-१, मालिका ४-२ अशी जिंकली. मला तो निर्णय या खेळातला सर्वांत धीराचा वाटतो.

पुढच्याच हंगामात लीगमध्ये सहा नवे संघ आले आणि ती १४ सामन्यांची जवळीक संपली. १९९३ मध्ये पुन्हा भेट होण्याची चिन्हे होती, पण टोरंटो उपांत्य मालिकेचा सातवा सामना लॉस एंजेलिसकडून हरला. मॉन्ट्रियलने त्याच लॉस एंजेलिसला हरवून चषक उचलला. १९९८ मध्ये टोरंटोला मॉन्ट्रियलच्याच पूर्व विभागात हलवले गेले. एका विभागातून एकच संघ अंतिम फेरी गाठतो, त्यामुळे सध्याच्या रचनेत हे दोघे फार तर आधीच्या फेऱ्यांत भिडू शकतात. २०२१ मध्ये पहिल्याच फेरीत तसे झाले आणि मालिकेत ३-१ अशा पिछाडीवरून मॉन्ट्रियलने बाजी मारली.