तवकीर : नाव बांबूचं, पीठ रानहळदीचं

बाळाचं पोट बिघडलं की आजी ज्याची पेज करायला सांगते, ती तवकीर मुळात पीठच नव्हती. संस्कृतात त्वक्क्षीरी म्हणजे सालीचं दूध. बांबूच्या पेरांत साचणाऱ्या पांढऱ्या खड्यांचं, म्हणजे वंशलोचनाचं हे नाव. पण वंशलोचन दुर्मिळ आणि महाग. त्याची जागा घेतली आलं-हळदीच्या कुळातल्या एका रानटी कंदाच्या सत्त्वाने, आणि नावही त्यालाच चिकटलं.

हा कंद म्हणजे तिखूर. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने 1810 मध्ये त्याला कर्कुमा अँगस्टिफोलिया हे शास्त्रीय नाव दिलं. बस्तरकडच्या जंगलात तो मुबलक. पावसाळा संपून पानं वाळली की कंद खणायचे, धुवायचे आणि खडबडीत दगडावर घासायचे. तो लगदा पाण्यात कालवून फडक्यातून गाळला की खरं काम सुरू होतं. तळाशी पीठ बसतं, वर पिवळट कडू पाणी राहतं. ते ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा थांबायचं. कडवटपणा जाईपर्यंत हे चालतं, मग उन्हात वाळवून पांढरेशुभ्र खडे. त्यांचं सरबत उन्हाळ्यात थंडावा म्हणून पितात, बर्फीही करतात. पचायला हलकं म्हणून जुलाबात, आजारपणानंतर आणि उपवासाला हे पीठ चालत आलं.

महाबळेश्वर-कासच्या पठारांवर याचं एक भावंड आहे, चवर. पावसाळ्यात पठारभर दिसणारं. जॉन ग्रॅहमने 1839 च्या आपल्या वनस्पती-सूचीत त्याला कर्कुमा कॉलिना म्हटलं. त्याच्याही कंदांपासून महाबळेश्वरी आरारूट बनत असे.

आरारूट हे नाव मात्र अमेरिकेकडच्या वेगळ्याच कंदाचं. इंग्रजांनी तिखुराच्या पिठाला ‘ईस्ट इंडियन आरारूट’ म्हटलं, आणि आज दुकानात तवकीर आणि आरारूट ही दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी चालतात.

स्वयंपाकात याने फारसं बिघडत नाही. औषधात बिघडतं. खोकल्यावरच्या आयुर्वेदिक सितोपलादी चूर्णात खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2 आणि दालचिनी 1. बाजारच्या चूर्णात वंशलोचनाऐवजी बरेचदा हेच पीठ असतं. वंशलोचन बहुतांशी सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य; तवकीर निव्वळ पिष्ट, म्हणजे स्टार्च. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर खपवणं मला पटत नाही. ओळखणंही अवघड नाही. चिमूटभर पूड पाण्यात उकळून, गार करून तिच्यात आयोडीनचा थेंब टाकायचा. निळीकाळी झाली, तर तिच्यात पीठ आहे.