एलपीजी किट बसवताना: पोर्ट इंजेक्शनचा टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनचा टर्बो

'टर्बो गाडीला गॅस चालत नाही' असं इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की पुष्कळ जण पुढे चौकशीच करत नाहीत. उलट कुणी ओळखीच्याची टर्बो गाडी वर्षानुवर्षं गॅसवर बिनतक्रार चाललेली पाहतो, तसंच किट आपल्याही गाडीत टाकतो आणि पस्तावतो. दोघांनीही 'टर्बो' (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) एवढ्या एका शब्दावर निर्णय घेतलेला असतो. एलपीजीच्या किटला खरा फरक पडतो तो पेट्रोल कुठे फवारलं जातं यामुळे. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या अलीकडे, हवेच्या वाटेत फवारतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तो थेट सिलिंडरच्या आत फवारतो.

आधी टर्बोवरचा आळ काढू. पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता, नव्वदीच्या घरात असतं, एलपीजीतल्या प्रोपेन या वायूचं ११० च्या आसपास. टर्बो इंजिनाचं मोठं दुखणं म्हणजे नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप उडणारा भडका), आणि जास्त ऑक्टेन हा त्यावरचा थेट उपाय. वाफेच्या रूपातला गॅस हवेची काही जागा अडवतो, प्रोपेनच्या बाबतीत सुमारे ४ टक्के. साध्या इंजिनाची त्यामुळे थोडी ताकद जाते. टर्बोला मात्र दाब वाढवून ती तूट भरून काढता येते. म्हणजे टर्बो आणि एलपीजी यांचं मुळात चांगलं जमतं.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते जुन्या मिक्सर किटपासून. त्यात गॅस हवेच्या पाइपमध्येच मिसळायचा. टर्बो गाडीत तिथून पुढे इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि लांबलचक नळ्या असतात, आणि त्या सगळ्या पेट घेऊ शकणाऱ्या मिश्रणाने भरायच्या. एक बॅकफायर झाला, म्हणजे नळीतच भडका उडाला, की नळी निखळलीच. सिक्वेन्शियल किटने हा प्रश्न सोडवला. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गॅस इंजेक्टर, तोही व्हॉल्व्हच्या जवळ. गाडीचा मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोलचा इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो, आणि गॅसचा ईसीयू तो वेळ वाचून गॅसच्या हिशोबात बदलतो.

पोर्ट इंजेक्शनच्या टर्बोत कसोटी लागते ती रिड्यूसरची. टाकीतून आलेला द्रव गॅस इथे कूलंटच्या उष्णतेवर वाफ होतो. इंजेक्टरपाशी गॅसचा दाब मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीतल्या) दाबापेक्षा साधारण १ बारने जास्त राहावा लागतो. टर्बोने बूस्ट (हवेचा दाब) वाढवला की गॅसनेही तेवढंच वर चढायला हवं. त्यासाठी मॅनिफोल्डपासून रिड्यूसरपर्यंत एक बारीक नळी असते. ती तडकलेली असली, किंवा रिड्यूसर इंजिनाच्या हॉर्सपॉवरला अपुरा पडला, तर नेमकं पूर्ण रेस दिल्यावर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने गॅस कमी पडतो. गाडी चालत राहते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट आणि टर्बाइन भाजून निघतात. कंपनीने दिलेल्या आकड्याला जेमतेम पुरेल असा रिड्यूसर घेऊच नका. मी एक माप मोठाच घ्यायला सांगेन. ट्यूनिंगही उभ्या गाडीवर उरकू नये, बूस्टमध्ये चालवून पाहावं. गॅसच्या मिश्रणाला ठिणगीही जास्त जोराची लागते, म्हणून प्लगची फट थोडी कमी ठेवतात. एवढं सांभाळलं तर या गाड्या निर्धास्त चालतात. डासिया या रुमानियन कंपनीचं १.० टीसीई इको-जी हे तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन तर कारखान्यातूनच एलपीजीसह आलेलं आहे, आणि ते पोर्ट इंजेक्शनचंच आहे.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरचं टोक ज्वलनकक्षात असतं आणि आतून वाहणारं पेट्रोलच ते थंड ठेवतं. गॅसवर जाताना पेट्रोल पूर्ण बंद केलं तर टोक तापतं, त्यावर काजळी धरते आणि फवारा बिघडतो. पोर्टमधल्या ३-४ बारच्या जागी इथे १०० ते २०० बार, नव्या इंजिनांत ३५० बारपर्यंत दाब असतो. तो देणारा पंप कॅमशाफ्टवर फिरतो, म्हणजे पेट्रोल लागो न लागो, तो चालतच राहतो. म्हणून या इंजिनांच्या वाफेच्या किटमध्ये गॅसवर असतानाही थोडं पेट्रोल फवारत राहतात, बहुतेकदा १० ते २० टक्के. गॅस मात्र पोर्टमधूनच येतो. पोर्टचं साधं किट इथे बसवून देतो म्हणणाऱ्याला गाडी देऊ नये.

दुसरी वाट आहे गॅस द्रवरूपातच, मूळच्या पेट्रोल इंजेक्टरमधून सोडण्याची. नेदरलँड्समधल्या व्हियाले आणि प्रिन्स या कंपन्यांनी तशी किट बनवली. मला ही कल्पना फार आवडते, कारण इंजेक्टर थंड राहतो आणि सिलिंडरमध्ये गारवाही मिळतो. पण प्रोपेन सुमारे ९७ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबलं तरी द्रव राहत नाही, आणि पंप तर तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. गरम गाडी थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू करणं, हाच अशा किटच्या रचनेतला अवघड भाग.

आपली गाडी कुठली, हे बॉनेट उघडून बघता येतं. जाड स्टीलच्या इंधननळ्या आणि कॅमच्या टोकाशी बसवलेला पंप दिसला, आयडलिंगला टिकटिक ऐकू आली, तर बहुधा डायरेक्ट. टीएसआय, टीएफएसआय, जीडीआय ही नावंही तिकडेच बोट दाखवतात. काही इंजिनांत दोन्ही जातींचे इंजेक्टर असतात, तेव्हा इंजिनाचा कोड किटच्या यादीत तपासावाच लागतो.

खर्चाचा हिशोबही वेगळा. लिटरमध्ये मोजलं तर एलपीजी पेट्रोलपेक्षा साधारण २० ते २५ टक्के जास्त लागतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये त्यावर ते थोडं पेट्रोल आणि महागडं किट. गाडी रोज थोडीच चालत असेल, इंजिन तापून गॅसवर जाईपर्यंत मुक्काम येत असेल, तर अशा गाडीत मी किट टाकणार नाही.