दोऱ्याने घेतलेले अंगठीचे माप: एक खुलासा

बोटाच्या मुळाशी दोरा गुंडाळावा, तो पट्टीवर धरावा आणि येणारा आकडा हेच अंगठीचे अचूक माप समजावे, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो अपुरा आहे. दोरा ताणला जातो किंवा सैल राहतो, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. आणि आयएसओ ८६५३ या आंतरराष्ट्रीय मानकात अंगठीचे माप म्हणजे तिचा आतील परीघ मिलिमीटरमध्ये दिलेला असल्याने, एवढ्या फरकानेही माप बदलते. त्याहून मोठी चूक म्हणजे सांधा विसरणे, कारण अंगठी बोटाच्या मुळाशी बसत असली तरी तिला मधल्या सांध्यावरून जावे लागते. म्हणून न ताणणारी कागदाची अरुंद पट्टी घेऊन दोन्ही ठिकाणी मोजावे आणि सांधा जाड असल्यास दोहोंच्या मधले माप निवडावे. परिघाला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो: ५४ मिलिमीटर परिघासाठी सुमारे १७.२ मिलिमीटर. थंडीत बोटे आकसतात, उष्णतेने फुगतात; त्यामुळे वेगवेगळ्या वेळी मोजणे मला आवश्यक वाटते. रुंद अंगठीला थोडे मोठे माप लागते.

ब्रेसलेटसाठी मनगटाच्या परिघात साधारण दीड ते दोन सेंटिमीटर मिळवावेत. मात्र न उघडणाऱ्या कड्यासाठी मनगटाचे माप पुरेसे नसते. अंगठा तळहाताकडे दुमडून पंजाचा सर्वांत रुंद भाग मोजावा लागतो.